ऐकणाऱ्याची जागा

मराठी माणसाला भाषणाची भारी हौस. बारशाला दोन शब्द, साठीशांतीला दोन शब्द, आणि तेराव्याला आलेल्यांतही कुणीतरी घसा खाकरून उभा राहतोच. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून ऐन उन्हाळ्यात, दिवसभर भाजून निघालेली माणसं संध्याकाळी अंघोळ करून दुसऱ्याचं बोलणं ऐकायला जातात. तालुक्याच्या गावी नगर वाचनालयाची व्याख्यानमाला असते. टेबलावर पांढरा कपडा, शेजारी समई, समईला वारा लागू नये म्हणून धडपडणारा एक कार्यकर्ता, आणि पहिल्या रांगेत दरवर्षी त्याच खुर्चीवर बसणारे निवृत्त मुख्याध्यापक. कार्यक्रम संपल्यावर चपला शोधता शोधता कुणी म्हणतं, "काय बोलला हो!" आणि त्याच्या मागचा पुटपुटतो, "नुसतंच बोलला." एकाच भाषणावरची ही दोन मतं, आणि दोन्ही खरी असू शकतात. मला कुतूहल आहे ते या दोन मतांमधल्या अंतराचं.

शाळा-शाळांतल्या वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून मी बरीच वर्षं जातो. 'अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो' या वाक्याशी माझं आता घरच्यासारखं नातं झालं आहे. मुलं 'ते आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावे' असं बजावतात आणि नंतर पाच मिनिटं आपल्याला अजिबात शांत बसू देत नाहीत. एका वर्षी विषय होता शेतकऱ्यांच्या आत्महत्या. आठवीतली एक मुलगी आली. 'जगाचा पोशिंदा' म्हणताना तिनं उजवा हात प्रेक्षकांच्या डोक्यावरून फिरवला, 'बळीराजा' म्हणताना तो छातीवर आणला, आणि फासाचा उल्लेख आला तसा तिचा आवाज फाटला. सभागृह हललं. माझ्या शेजारच्या परीक्षिकाबाईंनी डोळे टिपले. तिच्यामागून दुसऱ्या शाळेतला एक मुलगा आला. त्याचाही हात तिथूनच फिरला, तिथेच थांबला, आणि त्याच शब्दावर त्याचाही आवाज फाटला. एकाच पुस्तिकेतून दोघांनी पाठ केलं होतं. मुलांचा त्यात काय दोष? त्यांनी मेहनत घेतली होती, आणि दोघांचेही उच्चार स्वच्छ होते. मी समोरच्या गुणपत्रिकेकडे पाहिलं. विषयाची मांडणी, भाषाशैली, उच्चार, हावभाव, परिणाम. या रकान्यांत आपण जे म्हणतो आहोत ते म्हणणाऱ्याला ठाऊक आहे का, यासाठी जागा नव्हती. ऐकणाऱ्याला त्यानंतर काही विचारावंसं वाटलं का, यासाठी तर नव्हतीच.

अशा अनुभवानंतर पुष्कळ लोक एका सोप्या निष्कर्षाला येतात. अलंकार वाईट, साधं बोलणं चांगलं. आवाज चढवला तो ढोंगी, आवाज खाली ठेवला तो प्रामाणिक. मला हा निष्कर्ष पटत नाही. साधेपणाचाही अभिनय करता येतो, आणि तो अभिनय पकडायला जास्त कठीण असतो. उलट ज्यांनी भाषेचा अगदी बार उडवून दिला त्यांतल्या काहींनी लोकांना शहाणं केलं आहे.

आचार्य अत्र्यांचंच घ्या. त्यांच्या लेखी जी घटना घडे ती दहा हजार वर्षांत पहिल्यांदाच घडे. हा त्यांचा हिशेब महाराष्ट्राला इतका पाठ झाला की त्यावर विनोद होऊ लागले, आणि तरी त्यांच्या सभेची गर्दी ओसरली नाही. याचं कारण, त्या अतिशयोक्तीत फसवणूक नव्हती. दहा हजार हा आकडा कुणीच मोजायला बसणार नाही हे बोलणाऱ्याला माहीत होतं आणि ऐकणाऱ्यालाही. दोघांच्या संगनमतानं चाललेला तो खेळ होता. 1956 च्या नोव्हेंबरात त्यांनी 'मराठा' दैनिक काढलं तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती, आणि त्यातल्या अग्रलेखांची भाषा अनेकदा शिवराळपणाच्या काठावरून चालली आणि कधी पलीकडेही गेली. ती सगळीच मला आवडते असं नाही. पण याच अत्र्यांच्या हाती खानदेशातल्या आसोद्याच्या एका लेकीच्या, निरक्षर बाईच्या ओव्यांची वही आली, तेव्हा ते तितक्याच मोठ्या आवाजात हर्षभरित झाले. 'बहिणाबाईची गाणी' 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. बहिणाबाई चौधरी त्याच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या. अत्र्यांनी तिथेही विशेषणांची कंजुषी केली नाही. फरक एवढाच की या वेळी विशेषणांच्या मागे वस्तू होती. वाचकानं पान उलटलं की अत्र्यांचा शब्द त्याला स्वतः पडताळून पाहता येत होता. अतिशयोक्ती पडताळता आली की ती शिफारस होते, आणि पडताळायची सोयच नसली की ती जाहिरात होते.

आपल्याकडच्या साहित्यशास्त्राला हे फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. कुंतकानं वक्रोक्तीला काव्याचा प्राण मानलं. म्हणजे सरळ न बोलणं हा दोष नव्हे, तोच काव्याचा धर्म. पण अकराव्या शतकात काश्मिरातच क्षेमेंद्रानं 'औचित्यविचारचर्चा' लिहिली आणि विचारलं की अलंकार आहे तो ठीक, तो घातला कुठे आहे? कमरपट्टा गळ्यात आणि हार कमरेला बांधून निघालेल्या माणसाला लोक हसणारच. हा क्षेमेंद्र स्वतः फर्डा उपहासकार होता. कायस्थांच्या कारकुनीपासून वैद्यांच्या बढाईपर्यंत त्यानं सगळ्यांची टर उडवली. त्याला शब्दांचा तिटकारा नव्हता, चुकीच्या जागी बांधलेल्या शब्दांचा होता. आणि याच परंपरेनं ऐकणाऱ्याला एक पद देऊन ठेवलं आहे, सहृदयाचं. काव्य कवीजवळ पूर्ण होत नाही, ते सहृदयाजवळ होतं. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात, आणि लगेच आपण सलगी केली म्हणून संकोचतात. त्यांच्या सभेत श्रोता नुसता समोर बसलेला नाही, त्याच्यावाचून बोलणं फुलतच नाही. म्हणून मला वाटतं, वक्तृत्वाची परीक्षा शब्दांच्या भरजरीपणावर करू नये. बोलणाऱ्यानं ऐकणाऱ्यासाठी जागा ठेवली आहे का, एवढंच पाहावं.

जागा ठेवणं म्हणजे काय, हे शिवरामपंत परांजप्यांकडे पाहिलं की कळतं. त्यांचं 'काळ' साप्ताहिक 1898 साली पुण्यात निघालं. आदल्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाखाली शिक्षा झाली होती. उघड लिहिणाऱ्याची गाठ कलम 124 अ शी होती. शिवरामपंतांनी वक्रोक्तीचा आश्रय घेतला. लिहायचं पुराणातल्या किंवा इतिहासातल्या कुणा राजाविषयी, आणि वाचकानं ते वाचायचं गोऱ्या साहेबाविषयी. स्तुती अशी करायची की तिच्या पोटातली निंदा फक्त ज्याला दिसायला हवी त्यालाच दिसावी. अर्धं वाक्य कागदावर आणि उरलेलं अर्धं वाचकाच्या डोक्यात. म्हणजे 'काळ' वाचणारा प्रत्येक जण त्या राजद्रोहात भागीदार होता. लेखकाच्या मनातला गुन्हा त्यानंच पूर्ण केलेला असे. अलंकाराचा याहून लोकशाही वापर मला माहीत नाही. सरकारलाही तो अखेर कळला. 1908 साली शिवरामपंतांवर खटला झाला, शिक्षा झाली, पुढे 'काळ' बंद पडला आणि त्यांच्या निबंधांचे संग्रह जप्त झाले. विनोद म्हणून वाचून सोडून देण्यासारखं ते लेखन असतं तर साहेबानं एवढी तसदी घेतली नसती.

त्याच पुण्यात याच शस्त्राचा उलटा वापरही झाला होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' 1874 पासूनची. मराठी गद्याला त्यांनी जी ऐट दिली ती आजही आपल्या अग्रलेखांच्या अंगात आहे. त्यांच्या उपहासाची लय अशी आहे की विरोधी मताचा वाचकसुद्धा हसू दाबू शकत नाही. हाच उपहास त्यांनी जोतीराव फुल्यांवर रोखला. 'गुलामगिरी' 1873 साली निघालं होतं आणि सत्यशोधक समाजही त्याच वर्षी स्थापन झाला होता. शास्त्रीबुवांनी जोतीरावांच्या व्याकरणाची, भाषेची रेवडी उडवली. वाचक हसला, आणि हसला म्हणजे जोतीरावांचं म्हणणं वाचायची त्याला गरजच उरली नाही. इथेही वक्रोक्तीच होती, पण तिनं वाचकाला कामाला लावण्याऐवजी कामातून मोकळं केलं. उपहासाचा हा धोका आजही तसाच आहे. ज्याच्याशी वाद घालणं जड जातं त्याचे उच्चार काढून दाखवले की सभा आपली होते.

जोतीरावांना व्याकरण नसेल, वक्तृत्व मात्र नसानसांत होतं. 1882 साली त्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात रयतेच्या घामातून सरकारी तिजोरी भरते आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, हा हिशेब मांडून निदान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. तिथे आयोगापुढे शोभेल तो सूर. आणि 1888 साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटसाठी मेजवानी झाली, तेव्हा उंची पोशाखांच्या त्या मांदियाळीत जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात जाऊन उभे राहिले. या दरबारी मंडळींवरून हिंदुस्थान ओळखू नका, खरी प्रजा खेड्यात आहे, असं त्यांनी राणीच्या मुलाला सांगितलं. मला तर वाटतं, भाषणाचा मोठा भाग तोंड उघडण्याआधीच झाला होता. तो वेश म्हणजे अलंकारच. पण क्षेमेंद्रानंही मान डोलवावी इतका तो योग्य जागी होता.

त्या शेतकऱ्याचं पुढे काय झालं? तो दोन ठिकाणी राहायला गेला. एक व्यासपीठावर. तिथे त्याचं नाव बळीराजा. जोतीरावांनी ज्या बळीच्या राज्याची आठवण हक्कानं काढली, त्या बळीचं नाव आता 'बळीराजा सुखावला', 'बळीराजा हवालदिल' अशा मथळ्यांसाठी आणि फ्लेक्ससाठी वापरलं जातं. दुसरं ठिकाण जिल्हाधिकारी कार्यालयातला तक्ता. शेतकऱ्यानं आत्महत्या केली की वारसाला एक लाख रुपयांची मदत मिळू शकते. त्यासाठी तलाठ्यापासून अहवाल निघतो, जमीन कुटुंबाच्या नावावर होती का, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, नापिकी आणि वसुलीचा तगादा होता का, हे तपासलं जातं आणि समिती निर्णय घेते. मग तक्त्यात तीन रकाने भरले जातात. पात्र प्रकरणे, अपात्र प्रकरणे, चौकशीसाठी प्रलंबित प्रकरणे.

मदतीला निकष लागतात हे मला कळतं. तक्ता भरणारा कारकून निर्दय नसतो. त्याच्या भावाचीही शेती असेल. पण 'आत्महत्या अपात्र ठरविण्यात आली' हे वाक्य एकदा मोठ्यानं वाचून पाहा. यात उपमा नाही, रूपक नाही, कुठेही आवाज चढलेला नाही. साधेपणाच्या कसोटीवर या वाक्याला पैकीच्या पैकी गुण. आणि तरी बळीराजाच्या सगळ्या कमानींपेक्षा हे वाक्य अधिक मोठं काम करून जातं. अपात्र ठरला अर्ज, पण वाक्यात तो मरणाला चिकटला. कुणी ठरवलं, हे 'ठरविण्यात आली' मध्ये विरघळून गेलं. वाक्याला कर्ताच नसेल तर विधवेनं भांडायचं कुणाशी? 'चौकशीचे आदेश देण्यात आले आहेत', 'दोषींची गय केली जाणार नाही', 'परिस्थितीवर लक्ष ठेवण्यात येत आहे', ही सगळी याच घराण्यातली. व्यासपीठावरचा वक्ता निदान समोर दिसतो. या वाक्यांच्या आड कुणीच नसतं. व्यासपीठावर राजा आणि तक्त्यात अपात्र, अशा दोन भाषांच्या मध्ये तो माणूस सापडला आहे, आणि दोन्हीकडे त्याला स्वतःला बोलायला जागा नाही. शालेय स्पर्धेतली ती दोन मुलं पहिली भाषा हुबेहूब शिकली होती. दुसरी ती मोठेपणी नोकरीत शिकतील.

राजकीय सभेत लोकांना बोलायला लावतात असं वरवर दिसतं खरं. "पाहिजे का नको?" "पाहिजे!" "देणार का नाही?" "देणार!" सभा थरारून उठते. गाडगेबाबांच्या कीर्तनातही असेच प्रश्न असत. दिवसा हातातल्या खराट्यानं गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावाला प्रश्न विचारायचे, ही त्यांची रीत. कर्ज काढून सण करावा का? देवापुढे बकरं कापावं का? पोरांना शाळेत घालावं की नाही? समोरचे हजारो लोक एका सुरात उत्तर देत. तिथलं उत्तरही ठरलेलंच असे, मग या दोहोंत फरक कसला?

फरक किमतीचा आहे. बाबांचा प्रश्न ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या घराविषयी असे. 'कर्ज काढू नये' असं ओरडणाऱ्याच्या डोक्यावर बहुधा कर्ज असायचं, आणि 'बकरं कापू नये' म्हणणाऱ्याचा नवस पुढच्याच महिन्यात फेडायचा असायचा. उत्तर देणं म्हणजे चारचौघांत स्वतःविरुद्ध साक्ष देणं होतं. बायको शेजारी बसून ऐकत असे, भाऊबंद ऐकत असत. ते उत्तर घेऊन माणूस घरी जायचा आणि तिथे त्याला त्या उत्तराशी सामना करावा लागायचा. राजकीय सभेतला प्रश्न नेहमी दुसऱ्या कुणाविषयी असतो. उत्तर देणाऱ्याला काही सोडावं लागत नाही, काही बदलावं लागत नाही, नुसता आवाज द्यावा लागतो. पहिल्या प्रकारात माणूस खजील होऊन थोडा मोठा होतो, दुसऱ्यात तो गर्दीएवढा मोठा होतो आणि मैदानाबाहेर पडला की पुन्हा होता तेवढाच.

कवितेच्या मांडवातही हेच चालतं. हल्लीच्या कविसंमेलनात सूत्रसंचालकाच्या डायरीत प्रत्येक कवीसाठी एक चारोळी तयार असते. कवी येतो, 'आई' नाहीतर 'बाप' नाहीतर 'माती' हाती घेतो, शेवटच्या कडव्याची पहिली ओळ दोनदा म्हणतो आणि यमकाच्या जरा अलीकडे थांबतो. श्रोते यमक पुरं करतात, टाळ्या पडतात, मागून 'वन्स मोअर' येतो. कुणी म्हणेल, इथेही श्रोता ओळ पूर्ण करतोच की! हो, पण तो यमक पूर्ण करतो, अर्थ नव्हे. जे त्याला आधीच ठाऊक होतं तेच त्याला परत मिळालं, आणि आपल्याला कविता कळते या समाधानाची वर भर पडली. आईवरची कविता ऐकून घरी गेल्यावर आईला फोन करावासा वाटला तर ती कविता. टाळ्यांतच आई संपली, तर ते सूत्रसंचालन.

मंचावर म्हणायची कविता म्हणजे हलकी कविता, असं मात्र मी म्हणणार नाही. अण्णा भाऊ साठ्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड कामगारांच्या गर्दीसाठीच होती. लाल बावटा कलापथकाच्या डफ-तुणतुण्यावर वाढलेली ती भाषा. गिरणगावातल्या माणसाची बायको गावाकडे राहिली आहे, तिच्या रूपाचं वर्णन चाललं आहे, ऐकणाऱ्याला शृंगाराची लावणीच वाटते. आणि मग हा विरह कधी मुंबईचा होतो, कधी बेळगाव-कारवार-निपाणीचा होतो, ते कळतही नाही. एका प्रदेशाचा तुटलेपणा लोकांना सांगायचा तर नकाशा दाखवून चाललं नसतं. समोर बसलेल्या बहुतेकांची बायको खरोखरच गावाकडे होती. रूपकाचा दुसरा भाग अण्णा भाऊंनी ज्याच्या त्याच्या खोलीतूनच उचलला होता. 1 मे 1960 ला राज्य आलं, मंगल कलश आला, बेळगाव आलं नाही. घोषणा जुन्या झाल्या, ती छक्कड जुनी झाली नाही.

आणि ऐकणाऱ्याला ठेवलेली जागा प्रत्येक वेळी गादीचीच असते असंही नाही. मर्ढेकरांनी संतांच्या अभंग-ओवीचा छंद घेतला आणि त्यात यंत्रयुगाचं शहर भरलं. छंद ओळखीचा म्हणून वाचक विश्वासानं आत शिरला आणि आत त्याला देव्हाऱ्याऐवजी भलतंच काही सापडलं. 'काही कविता' 1947 साली आली तेव्हा लोक बिथरले, अश्लीलतेचा खटलासुद्धा झाला. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'नं 1972 साली वाचकाला आरोपीच्या पिंजऱ्यातच उभं केलं. तिथे शिव्या आहेत, आरडाओरडा आहे, अतिशयोक्तीला धरबंध नाही. पण त्या आवाजापुढे वाचकाला आपण कोण, कुठे राहतो, कुणाच्या जिवावर राहतो, हे स्वतःला सांगावंच लागतं. आवाज मोठा असूनही ती कविता वाचकाचं तोंड बंद करत नाही.

सभागृहातल्या भाषणाचा असा नमुना सांगायचा तर मी 25 नोव्हेंबर 1949 चं बाबासाहेबांचं भाषण सांगेन. संविधान तयार झालं होतं, दुसऱ्या दिवशी ते स्वीकारलं जाणार होतं. वातावरण अभिनंदनाचं. अशा वेळी मसुदा समितीचे अध्यक्ष कृतार्थतेचे चार शब्द बोलले असते तरी कुणी नावं ठेवली नसती. बाबासाहेबांनी मात्र सभागृहापुढे एक विरोध मांडला. 26 जानेवारीपासून राजकारणात आपल्याकडे समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता असेल. ही विसंगती किती काळ चालवायची? शास्त्राच्या भाषेत हा विरोधावर उभा असलेला अलंकार. पण तो भाषणाला चढवलेला नव्हता, देशाच्या स्थितीतच होता. त्यांनी फक्त त्याच्या दोन बाजू समोरासमोर आणल्या. राजकारणातल्या भक्तीचा धोकाही त्याच भाषणात सांगितला. धर्मातली भक्ती मोक्षाला नेत असेल, राजकारणातली मात्र हुकूमशाहीकडे नेते. वक्तृत्वानं श्रोत्यांना जिंकायचं असतं अशी आपली समजूत. इथे एक वक्ता श्रोत्यांना सांगत होता की कुणाकडूनही, म्हणजे माझ्याकडूनही, इतके जिंकले जाऊ नका.

न बोलण्याचंही वक्तृत्व असतं, आणि त्याचा दाखला आपल्याकडे कऱ्हाडचा आहे. 1975 साल, आणीबाणी. साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत, स्वागताध्यक्ष केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. जयप्रकाश नारायण नुकतेच सुटले होते आणि मूत्रपिंडाच्या विकारानं मुंबईच्या जसलोक रुग्णालयात होते. दुर्गाबाईंनी सभेला विनंती केली की जयप्रकाशजींच्या प्रकृतीसाठी उभं राहून प्रार्थना करू या. आजारी माणसाला बरं वाटो, एवढंच. याला हरकत कोण घेणार? आणि तो आजारी कसा पडला, कुठे असताना पडला, हे त्या मांडवात कुणाला ठाऊक नव्हतं? आनंदवर्धनानं ध्वनी म्हणून जो सांगितला तो हाच. उच्चारलं एक, उमटलं दुसरं, आणि उमटलेल्याची जबाबदारी उभं राहणाऱ्या प्रत्येकानं स्वतःच्या पायांवर घेतली. पुढच्या वर्षी दुर्गाबाईंना अटक झाली. सरकारलाही काव्यशास्त्र कळतं, फक्त उशिरा कळतं.

ही सगळी उदाहरणं मनात घेऊन मी अजूनही सभांना जातो. अलंकारांची मला भीती वाटत नाही. आवाज चढला म्हणून मी उठून जात नाही, आणि कुणी हळू बोलतो म्हणून त्याच्यावर विश्वासही टाकत नाही. वाक्याला कर्ता आहे का, ते बघतो. प्रश्न विचारला गेला तर त्याचं उत्तर देताना माझ्या खिशाला, माझ्या जातीला, माझ्या घराला कुठे चाट बसते का, ते बघतो. हसवलं गेलं तर कशापासून माझी सुटका केली गेली, हे परत जाताना आठवून पाहतो.

एक गोष्ट मात्र व्याख्यानमालांच्या चालकांना सांगावीशी वाटते. पूर्वी व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं असत. चिठ्ठ्या फिरत, कुणी तिरसट माणूस मागच्या रांगेतून उठे, वक्ता कधी गडबडे, कधी खुले. आता स्वागत, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, शाल, श्रीफळ, प्रायोजकांचे सत्कार आणि त्या सत्कारांना उत्तर, एवढं होईतो घड्याळ पुढे सरकतं, आणि 'वेळेअभावी प्रश्नोत्तरं होणार नाहीत' असं जाहीर होऊन थेट आभारप्रदर्शन सुरू होतं. सत्कार दोन कमी करा, पण तेवढी दहा मिनिटं परत द्या. वक्ता कसदार असेल तर त्याला प्रश्न आवडतील. आणि आवडले नाहीत, तर तेही सभेला कळलेलं बरं.